चक्रीवादळाचं पाणी मागच्या दाराने येतं

२८ ऑगस्ट २०१२ ला मिसिसिपी नदी उलटी वाहत होती. न्यू ऑर्लिन्सच्या खालच्या अंगाला बेल चेस नावाचं गाव आहे, तिथे यूएसजीएस या अमेरिकेच्या सरकारी भूसर्वेक्षण खात्याचं नदी मोजायचं केंद्र आहे. त्या केंद्रावर जवळजवळ चोवीस तास प्रवाह समुद्राकडून वरच्या दिशेने नोंदला गेला. सेकंदाला १,८२,००० घनफूट पाणी उलटं चढलं आणि नदीची पातळी आधीपेक्षा १० फूट वर गेली. वादळ कुठलं, तर आयझॅक. कॅटेगरी एक, म्हणजे हरिकेनच्या पाच पायऱ्यांच्या तक्त्यातली सगळ्यात खालची पायरी.

अमेरिकेतल्या आपल्या लोकांशी हरिकेनबद्दल बोलणं निघालं की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. 'कॅटेगरी एकच आहे ना?' आणि 'आमचं घर बीचपासून बरंच आत आहे.' दोन्हींत पाण्याचा हिशोबच नाही.

कॅटेगरी ठरते ती निव्वळ वाऱ्याच्या वेगावर. २०१० पर्यंत त्या तक्त्यात प्रत्येक कॅटेगरीपुढे पाण्याची अंदाजे उंचीही छापलेली असायची. आकडे वारंवार खोटे पडायला लागले तेव्हा ती काढून टाकली. २००८ चं आइक टेक्ससला लागलं तेव्हा कॅटेगरी दोनचं होतं, पण अवाढव्य पसरलेलं होतं. बोलिव्हर द्वीपकल्पाच्या बाजूला त्याने १५ ते २० फूट पाणी चढवलं आणि घरांच्या रांगाच्या रांगा नाहीशा केल्या. 'बरंच आत' या भरवशाचंही तसंच आहे. स्टॉर्म सर्ज, म्हणजे वादळाने किनाऱ्यावर चढवलेलं समुद्राचं पाणी, बीचवरून सरळ चालत येतो तसा खाडीने, नदीने, तळ्याने, कालव्याने आणि रस्त्याखालच्या गटारानेही येतो. आपल्या घराजवळचं पाणी पुढे कुठे जाऊन समुद्राला मिळतं आणि आपली जमीन त्या पाण्यापेक्षा किती उंच आहे, हे दोन प्रश्न आधी सोडवायचे.

पाणी चढतं कशाने

वादळाच्या डोळ्यात हवेचा दाब कमी, म्हणून समुद्र फुगतो, असं आपण शाळेत शिकतो. खरं आहे, पण त्याने फार थोडा हिशोब लागतो. दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण १ सेंटिमीटर चढतं. २९ ऑगस्ट २००५ ला कतरिना लुईझियानाला लागलं तेव्हा केंद्रातला दाब ९२० होता. नेहमीचा १०१३ धरला तर दाबामुळे आलेली वाढ ९३ सेंटिमीटर. मिसिसिपी राज्यातल्या पास क्रिश्चनला पाणी प्रत्यक्षात चढलं २७.८ फूट, म्हणजे जवळजवळ साडेआठ मीटर. बाकीचं जवळपास सगळं वाऱ्याने लोटलेलं.

वारा पाण्याच्या पाठीवरून घासत जातो आणि वरचा थर पुढे रेटतो. समुद्र खोल असेल तर रेटलेलं पाणी खालून परत फिरतं आणि पातळी फारशी वाढत नाही. उथळ पाण्यात खालून परतायला जागाच नसते, मग ते साचत जातं. ढोबळ आकडे घ्या. वारा सेकंदाला ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर. ५० मीटर खोल पाण्यात दर किलोमीटरला पातळी चढते पाऊण सेंटिमीटर. १० मीटर खोलीवर पावणेचार ते चार सेंटिमीटर, ५ मीटरवर त्याच्या दुप्पट. म्हणजे १० मीटर खोलीचा ५० किलोमीटर रुंद पट्टा समोर असेल तर तेवढ्यानेच दोन मीटरच्या आसपास पाणी. त्यात वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. मायामीसमोर समुद्र लगेच खोल होतो, म्हणून तिथे लाटा मोठ्या पण सर्ज तुलनेने कमी. लुईझियाना-मिसिसिपीसमोर मैलोन्‌मैल उथळ तळ आहे, तिथे गणित उलटं.

उत्तर गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. त्यामुळे ते ज्या दिशेने चाललंय त्या दिशेला तोंड करून उभं राहिलं तर उजव्या हाताला वारा समुद्राकडून जमिनीकडे, डाव्या हाताला जमिनीकडून समुद्राकडे. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या टँपा बेचं आहे. २६ सप्टेंबर २०२४ ला हेलेन खोल समुद्रातून टँपाच्या पश्चिमेने निघून गेलं आणि शंभराहून जास्त मैल उत्तरेला पेरीजवळ जमिनीला लागलं. टँपा बेमध्ये विक्रमी पाणी चढलं. दोन आठवड्यांनी, ९ ऑक्टोबरला, मिल्टन टँपाच्या जरासं दक्षिणेला सिएस्टा कीवर आलं. म्हणजे हेलेनपेक्षा कितीतरी जवळ, आणि तरी टँपा बेचं पाणी मागे हटून चिखल उघडा पडला. सर्ज गेला दक्षिणेकडे, व्हेनिसच्या बाजूला. बातम्यांतल्या अंदाजित मार्गाच्या त्या पांढऱ्या शंकूकडे बघून 'आपण रेषेवर नाही' म्हणून सुस्कारा सोडणं धोक्याचं आहे ते यामुळेच. असा पाण्याविना उघडा पडलेला तळ बघायला लोक उतरतात, हे तर शुद्ध वेडेपण. वारा फिरला की तेच पाणी परत येतं.

कधी कधी पाणी वादळाच्या आधीच येऊन बसतं. आइकच्या वेळी वारा किनाऱ्याला जवळपास समांतर होता, तरी पृथ्वीच्या फिरण्यामुळे लोटलेलं पाणी उजवीकडे, म्हणजे किनाऱ्याकडे वळत राहिलं. बोलिव्हरवरून बाहेर पडायचा रस्ता वादळ पोचायच्या आदल्या दिवशी सकाळीच पाण्याखाली गेला. वारा अजून बेताचाच होता. 'जोर वाढला की निघू' म्हणून थांबलेले तिथेच अडकले.

भरतीचाही वाटा असतो, पण तो जागेनुसार बदलतो. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. त्यामुळे मीटरभर सर्ज ओहोटीला आला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही, आणि तोच उधाणाच्या भरतीवर आला तर दाणादाण. लुईझियानाला भरती जेमतेम फूट-दीड फुटाची, तीही दिवसातून बहुधा एकदाच. तिथे चढतं ते जवळजवळ सगळं सर्जचंच. न्यू यॉर्क या दोहोंच्या मधलं. २९ ऑक्टोबर २०१२ च्या सँडीत लाँग आयलंड साउंडच्या पश्चिम टोकाला किंग्ज पॉइंटला सर्ज होता १२.६५ फूट, आणि मॅनहॅटनच्या टोकाला बॅटरीला ९.४ फूट. पण किंग्ज पॉइंटला तो कळस ओहोटीच्या सुमारास आला आणि बॅटरीला ऐन भरतीला, त्यात पौर्णिमा. भुयारी रेल्वे बुडाली ती मॅनहॅटनची.

न्यू ऑर्लिन्स: तीन बाजू, तीन वाटा

जोडलेल्या पाण्याचा धडा कतरिनाइतका स्पष्ट कुठेच मिळत नाही. नकाशा उघडा. शहराच्या दक्षिणेला मिसिसिपी, उत्तरेला पॉन्चरट्रेन तळं, पूर्वेला बोर्न तळं. बोर्न नावापुरतं तळं, प्रत्यक्षात समुद्राचाच फाटा. पॉन्चरट्रेन साधारण १,६०० चौरस किलोमीटरचं आणि सरासरी जेमतेम चार मीटर खोल. रिगोलेट्स आणि शेफ मेंटूर या दोन नैसर्गिक वाटांनी ते बोर्नला जोडलेलं आहे. तिसरी वाट माणसाने खणली: इंडस्ट्रियल कॅनॉल, शहराच्या अंगातून जाणारा, नदी आणि तळं जोडणारा. त्याला पूर्वेकडून इंट्राकोस्टल जलमार्ग येऊन मिळतो, आणि त्या जलमार्गाला मिसिसिपी रिव्हर गल्फ आउटलेट. हा १९६८ मध्ये पुरा झालेला, जहाजांना समुद्राचा जवळचा रस्ता देणारा १२० किलोमीटरचा कालवा. लोक त्याला 'मिस्टर गो' म्हणत.

जलमार्गाचा उत्तरेकडचा बांध आणि मिस्टर गोचा दक्षिणेकडचा बांध शहराकडे येताना जवळ जवळ येत जातात. बोर्नमधून पश्चिमेला लोटलेलं पाणी या दोन बांधांच्या बेचक्यात शिरलं आणि पुढे अरुंद इंडस्ट्रियल कॅनॉलमध्ये घुसलं. बोर्नच्या बाजूला पाणी १५ ते १८ फुटांवर गेलं होतं. कॅनॉलची पूर्वेकडची भिंत सकाळी फुटली आणि लोअर नाइन्थ वॉर्डातली घरं पायांवरून उचलली गेली.

मिस्टर गोच्या कालव्यातून सर्ज धावत आला, असं सर्रास लिहिलं जातं. ते अर्धवट आहे. आजूबाजूची दलदल दहा-बारा फूट पाण्याखाली असताना एका खणलेल्या चरातून किती जास्तीचं पाणी येणार? त्या कालव्याचं खरं पाप वेगळं होतं. चाळीस वर्षं त्यातून खारं पाणी आत येत राहिलं, सायप्रसची दलदली वनं मेली, काठ ढासळून पात्र काही ठिकाणी मूळ रुंदीच्या तिपटीवर गेलं. बांधासमोरची झाडी गेली तशी बांधावर थेट लाटा आपटायला लागल्या. बांधही काय, तर कालवा खणताना निघालेली रेताड माती बरीचशी तशीच रचलेली. पाणी माथ्यावरून सांडलं की असा बांध मागच्या उतारावरून खरवडला जातो आणि तासा-दोन तासांत सपाट होतो. चांगल्या चिकणमातीचे, गवत धरलेले बांध तेवढंच पाणी डोक्यावरून जाऊनही बऱ्याच ठिकाणी टिकले. कोकणात खारबांधाला खांड जाते तीही बहुधा अशीच, सांडणाऱ्या पाण्याने आतल्या अंगाची माती धुपून.

उत्तरेची गोष्ट निराळी. वादळ समुद्रात असताना पूर्वेचा वारा रिगोलेट्स आणि शेफ मेंटूरमधून पॉन्चरट्रेन भरत राहिला. मग केंद्र शहराच्या पूर्वेने उत्तरेला सरकलं, वारा उत्तरेकडून सुटला आणि भरलेलं तळं दक्षिण काठावर, म्हणजे शहरावर कलंडलं. तिथे पाणी होतं १० ते १२ फूट. तळ्याकाठचा मुख्य बांध बऱ्यापैकी टिकला. पाणी शिरलं ते पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या कालव्यांतून.

न्यू ऑर्लिन्सचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. पावसाचं पाणी पंपाने उचलून सेव्हन्टीन्थ स्ट्रीट, ऑर्लिन्स अ‍ॅव्हेन्यू आणि लंडन अ‍ॅव्हेन्यू या तीन कालव्यांत टाकायचं आणि कालव्याने तळ्यात सोडायचं, ही जुनी व्यवस्था. पंपिंग स्टेशनं कालव्याच्या शहराकडच्या टोकाला, आणि तळ्याकडच्या तोंडाला दरवाजे नाहीत. म्हणजे तळं चढलं की तीन कालवे भरून थेट वस्तीत येणार, आणि वस्ती वाचवायला दोन्ही काठांवर मैलोन्‌मैल भिंती. त्या भिंती म्हणजे जमिनीत ठोकलेले पोलादी पत्रे आणि वर काँक्रीटची उभी फळी. सेव्हन्टीन्थ स्ट्रीट आणि लंडन अ‍ॅव्हेन्यूच्या भिंती फुटल्या तेव्हा पाणी त्यांच्या माथ्यापर्यंत पोचलंही नव्हतं. पाण्याच्या दाबाने भिंत किंचित बाहेर झुकली, कालव्याच्या बाजूला माती आणि पत्रा यांच्यात फट पडली, फटीत पाणी उतरलं, आणि दाब एकदम पत्र्याच्या बुडापर्यंत गेला. सेव्हन्टीन्थ स्ट्रीटला खालची मऊ चिकणमाती घसरली आणि मागच्या बांधासकट भिंत सरकली. लंडन अ‍ॅव्हेन्यूला खाली वाळू होती, तिथे पाणी बुडाखालून झिरपलं. पत्रे सुमारे १७ फूट ठोकले होते. नंतरच्या अभ्यासात ३१ ते ४६ फूट लागले असते असं निघालं.

आता इलाज. पूर्वेला बोर्नच्या तोंडाशी जवळजवळ तीन किलोमीटर लांब आणि २६ फूट उंच अडथळा-भिंत उभी आहे, जहाजांसाठी दरवाजे ठेवून. इंडस्ट्रियल कॅनॉलच्या तळ्याकडच्या टोकाला सीब्रुकचा दरवाजा आहे. मिस्टर गो २००९ मध्ये दगडांचा बांध घालून कायमचा बंद केला. पावसाच्या पाण्याच्या तीन कालव्यांच्या तोंडाला २०१८ पासून कायमचे दरवाजे आहेत, सोबत पंप. तत्त्व एकच: जोडलेलं पाणी आत आल्यावर भिंतींनी थोपवण्यापेक्षा तोंडाशीच तोडायचं. भिंतीची लांबी जितकी कमी तितक्या फुटायच्या जागा कमी.

पण दरवाजा बंद केला की आतल्या पावसाचं काय, हा दुसरा प्रश्न लगेच उभा राहतो. शहराच्या पंपांचं माप आहे पहिल्या तासाला १ इंच, पुढे दर तासाला अर्धा इंच. मुंबईच्या ब्रिटिशकालीन पर्जन्यवाहिन्याही ताशी २५ मिलिमीटरच्याच मापाच्या होत्या, तेही ओहोटी असेल तर. भरतीला दरवाजे लावून पंपाने पाणी बाहेर फेकायचं हे हाजीअली किंवा लव्हग्रोव्हच्या पंपिंग स्टेशनचं काम आणि न्यू ऑर्लिन्सचं काम जातकुळीने एकच. दोन्हीकडे पंपाला वीज, वीज नसेल तर डिझेल, आणि जाळीवर अडकलेला कचरा काढायला माणूस लागतो. यातलं एक जरी निखळलं तरी बंद दरवाज्याच्या आत पावसाचाच पूर.

२९ ऑगस्ट २०२१ ला आयडा आलं तेव्हा ही व्यवस्था टिकली. पण तटबंदीच्या बाहेर, तळ्याच्या पश्चिमेचं लाप्लास बुडालं, आयझॅकमध्ये बुडालं होतं तसंच.

तळी आणि पाठच्या खाड्या उशिरा भरतात, उशिरा उतरतात

पॉन्चरट्रेन एक मीटर वर यायला १६० कोटी घनमीटर पाणी आत यावं लागतं. बारा तासांत यायचं तर सेकंदाला ३७,००० घनमीटर. हा मिसिसिपीच्या सरासरी प्रवाहाच्या दुपटीहून जास्त झाला. अरुंद वाटांतून एवढं पाणी घुसायला वेळ लागतो. म्हणून वेगाने निघून जाणारं जोरकस वादळ उघड्या किनाऱ्याचा सत्यानाश करतं, पण आतली तळी पुरती भरायच्या आत पुढे सरकलेलं असतं. आयझॅकसारखं रेंगाळणारं कमजोर वादळ ती काठोकाठ भरतं. दलदलीचंही तसंच. दर साडेचौदा किलोमीटर दलदलीमागे सर्ज एक मीटरने उतरतो, असा जुना ठोकताळा आहे. चपळ वादळात तो थोडाफार चालतो. दीड-दोन दिवस वारा लागून राहिला तर दलदल भिजलेल्या फडक्याएवढीही आडवी येत नाही.

आतल्या पाण्याला वारा फिरण्याची भीती जास्त. ६ सप्टेंबर २०१९ ला डोरियन नॉर्थ कॅरोलायनाच्या बाहेरच्या बेटांवरून गेलं. आधी वाऱ्याने पॅमलिको साउंडचं पाणी मुख्य भूमीकडे, नद्यांच्या तोंडात लोटलं. वादळ सरकलं, वारा उलटला, आणि ते सगळं पाणी ओक्राकोक बेटावर पाठीमागून येऊन आदळलं. काही ठिकाणी सात फूट, तेही बघता बघता. समुद्राकडची वाळूची टेकाडं जागच्या जागी, गाव पाण्यात.

आणि समुद्राशी काही नातं नसलं तरी चालतं. फ्लोरिडातलं ओकीचोबी हे गोड्या पाण्याचं तळं, समुद्रापासून साठेक किलोमीटर आत, सरासरी खोली तीन मीटरच्याही आत. १६ सप्टेंबर १९२८ ला उत्तरेच्या वाऱ्याने त्याचं पाणी दक्षिण काठावर चढवलं, मातीचा बुटका बांध फुटला आणि अडीच हजारांवर माणसं मेली. त्यात बहुतेक शेतमजूर, कृष्णवर्णीय.

न्यू जर्सीत कसं होतं

आपली वस्ती दाट ती न्यू जर्सीत, म्हणून थोडं तिकडचं. सँडीच्या रात्री हॅकेन्सॅक नदीच्या काठची मूनाकी आणि लिटल फेरी ही गावं बुडाली. उघडा समुद्र तिथून कितीतरी लांब. पाणी आलं न्यूअर्क बेमधून नदीने वर, दलदलीत पसरलं आणि जुन्या मातीच्या बांधांवरून वस्तीत उतरलं. रॅरिटन बेमधून तसंच पाणी रॅरिटन नदीने चढून सेअरव्हिल आणि साउथ रिव्हरमध्ये शिरलं. नदीपलीकडे एडिसन. त्या दोन गावांतली बरीच घरं पुढे सरकारने विकत घेऊन पाडली.

होबोकेन तर नीट समजून घेण्यासारखं. तिथे हडसनच्या काठाचा मधला भाग उंच आहे आणि नदीपासून लांबचा पश्चिम भाग खोलगट, कारण तिथे पूर्वी खाजण होतं. पाणी आलं उत्तरेला वीहॉकन कोव्हमधून आणि दक्षिणेला लाँग स्लिप कालव्यातून, मागच्या खोलगट भागात साचलं, आणि उतरायला वाट नाही म्हणून तिथेच राहिलं. नदीकाठच्या कित्येक इमारती कोरड्या, नदी न दिसणाऱ्या गल्ल्या छातीभर पाण्यात.

यात गटारांचा वाटा असतो आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो. रस्त्याखालची पावसाळी नळी पुढे खाडीत उघडते. खाडीची पातळी रस्त्यापेक्षा वर गेली की पाणी नळीतून उलटं येऊन जाळीतून उसळतं, काठावरची भिंत न ओलांडता. हे अडवायला नळीच्या तोंडावर झापड किंवा रबरी चोच बसवतात. रायगडच्या खारभूमीत उघाडीला असतं तेच काम: ओहोटीला आतलं पाणी जाऊ द्यायचं, भरतीला मिटायचं. आणि बिघडतंही तसंच. एक फांदी, प्लास्टिकचा गोळा किंवा बिजागरीवर चढलेले शिंपले, झापड चार बोटं उघडी राहते आणि रात्रभरात अख्खी गल्ली भरते. ज्या जुन्या शहरांत सांडपाणी आणि पाऊस एकाच नळीत असतात तिथे हे पाणी तळघरातल्या फरशीच्या जाळीतून आणि संडासातून वर येतं. घराच्या सांडपाण्याच्या मुख्य नळीवर बॅकवॉटर व्हॉल्व, म्हणजे उलटं येणारं पाणी अडवणारी झडप, बसवून घ्यावा आणि वर्षातून एकदा उघडून साफ करावा. साफ न केलेला व्हॉल्व नसल्यात जमा.

नकाशे आणि आकडे वाचताना

नॅशनल हरिकेन सेंटर स्टॉर्म सर्ज वॉच साधारण ४८ तास आणि वॉर्निंग ३६ तास आधी देतं. सोबत येणाऱ्या सर्जच्या नकाशात निळा म्हणजे जमिनीवर तीन फुटांपर्यंत, पिवळा तिनाच्या वर, केशरी सहाच्या वर, लाल नऊच्या वर. तीन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. ही उंची जमिनीवरची आहे आणि भरती त्यात धरलेली आहे. वर पुन्हा भरती मिळवायची नाही. हा सरासरी अंदाज नाही, याहून जास्त पाणी यायची शक्यता दहात एक इतपत असेल असा जपून काढलेला आकडा आहे. आणि पावसाचा पूर यात नाही. बांधाच्या आतला प्रदेश रेघोट्या मारून दाखवतात. त्याचा अर्थ 'सुरक्षित' असा लावू नये. तिथलं पाणी हा नकाशा दाखवत नाही, एवढाच तो अर्थ.

बातमीत 'समुद्रसपाटीपासून इतके फूट' असं आलं तर मात्र आपल्या जमिनीची उंची वजा करावी लागते, आणि दोन्ही आकडे एकाच पायापासून मोजलेले हवेत. पाण्याची पातळी मोजणाऱ्या गेजचे आकडे बहुधा सरासरी भरतीपासून किंवा सरासरी ओहोटीपासून दिलेले असतात, घराच्या कागदावरची उंची एनएव्हीडी ८८ पासून, म्हणजे अमेरिकेत जमिनीची उंची मोजायला ठरवलेल्या शून्य-पातळीपासून. न्यू यॉर्क-न्यू जर्सीत या पायांमधला फरक काही फुटांचा असतो.

इव्हॅक्युएशन झोन आणि फेमाचा, म्हणजे अमेरिकेच्या आपत्ती खात्याचा, फ्लड झोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला झोन सर्जच्या मॉडेलवर ठरतो आणि कधी निघायचं ते सांगतो. दुसरा विम्यासाठी आणि बांधकामासाठी, वर्षाला एक टक्का शक्यतेच्या पुरावर आधारलेला. 'आम्ही एक्स झोनमध्ये आहोत', म्हणजे फेमाच्या कमी धोक्याच्या झोनमध्ये, म्हणून न निघणारे लोक चुकीचा नकाशा बघत असतात.

लाटांची भर वेगळी. उथळ पाण्यात लाट खोलीच्या पाऊणपटीइतकी उंच होऊ शकते आणि तिचा बराचसा भाग शांत पातळीच्या वर असतो. घराशी पाणी दोन मीटर असेल तर लाटेचा माथा तीन मीटरच्या वर. नुसतं उभं पाणीही हलकं नसतं: मीटरभर पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीला अर्धा टन दाब देतं, दोन मीटर पाणी दोन टन. चौपट. म्हणून खांबांवरच्या घरांच्या खालच्या बंदिस्त जागेला पाणी आत येऊ देणारी तोंडं ठेवतात, दर चौरस फूट जागेमागे एक चौरस इंच, निदान दोन वेगवेगळ्या भिंतींत, जमिनीपासून फुटाच्या आत. पाणी आतबाहेर सारखं झालं की भिंत पडत नाही. वाळूच्या गोण्यांनी वीतभर पाणी अडेल; सर्जपुढे त्यांचा उपयोग नाही.

निघायच्या आधी मेन स्विच बंद करावा, तोही कोरड्या हाताने, कोरड्या फरशीवर उभं राहून. प्रोपेनची टाकी बांधून ठेवावी, टाकी पाण्यात तरंगते आणि जोडणी तोडून गळते. इलेक्ट्रिक गाडी उंचावर न्यावी. खाऱ्या पाण्यात बुडालेली बॅटरी काही दिवसांनी, कधी आठवड्यांनीही पेटते, म्हणून बुडालेली गाडी घरापासून निदान ५० फूट दूर ठेवायला सांगतात. गॅरेजमध्ये तर मुळीच नको.

विमा वादळाचं नाव ऐकल्यावर काढता येत नाही. सरकारी फ्लड पॉलिसीला सहसा ३० दिवस थांबावं लागतं, घराला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, सामानाला एक लाख. साध्या होमओनर्स पॉलिसीत सर्जचं पाणी बसत नाही. पाणी उतरल्यावर भिंतीवरची पाण्याची रेघ, टेपपट्टी शेजारी धरून, पुसण्याआधी फोटोत घ्यावी. वाऱ्याने गेलं की पाण्याने, हा वाद नंतर तिच्यावर ठरतो. तळघर भरलेलं असेल तर एकदम उपसू नये. बाहेरची माती अजून पाण्याने तट्ट असते, आतला आधार काढला की भिंत आत येते. दिवसाला साधारण एक तृतीयांश पाणी काढायचं, खूण करून ठेवायची, आणि रात्रीत पातळी परत चढली तर दुसऱ्या दिवशी पंप लावायचा नाही. खारं पाणी लागलेले सॉकेट, स्विच आणि ब्रेकर वाळवून परत वापरू नयेत. वरून कोरडे दिसतात, आत मीठ राहतं आणि दमट हवेत ते वीज वाहून नेतं.